सँटानाचा 'कॅरव्हानसराय' पहिल्यांदा ऐकताय? मग असा ऐका

पहिलं काम, शफल बंद करा. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारी सोय) चालू असेल तर तेपण बंद, गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये शांतता येऊ न देणारी) मात्र चालू ठेवा, कारण या अल्बमचे सुरुवातीचे ट्रॅक एकमेकांत मिसळत जातात आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची जरी शांतता आली ना, तरी जेवताना कोणी पुढचं ताट ओढून घेतल्यासारखं वाटतं. पूर्ण अल्बम साधारण ५१ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ नसेल तर आज लावूच नका, किंवा निम्मा लावा, ते कसं ते पुढे सांगतो.

आता मनाची तयारी. बहुतेकांना सँटाना हा अमेरिकन रॉक बँड माहिती असतो तो 'ब्लॅक मॅजिक वुमन' आणि 'ओये कोमो व्हा'मुळे, दोन्ही १९७० च्या 'अब्रॅक्सस' अल्बममधली, म्हणजे पाय आपोआप हलणार, ऑर्गन, काँगा नावाचे ढोल, मध्ये गिटार आणि चारपाच मिनिटांत विषय संपला. ती अपेक्षा घेऊन 'कॅरव्हानसराय' लावला की माणूस तिसऱ्या मिनिटाला कंटाळतो आणि म्हणतो गाणं कुठंय. दहा ट्रॅकपैकी फक्त तीनमध्ये गायन आहे. बाकी सगळं वाद्यांचं काम, आणि तेसुद्धा घाईत नाही.

हे असं का झालं ते थोडक्यात कळलं की ऐकणं सोपं जातं. ड्रमर मायकल श्रीव्हनं बँडचा गिटारिस्ट कार्लोस सँटाना याला माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन या जॅझवाल्यांचं वेड लावलं. मग १९७२ मध्ये दोघं सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओत बसले ते हिट गाणं करायचंच नाही अशा थाटात. रेकॉर्ड कंपनीचा तेव्हाचा बॉस क्लाइव्ह डेव्हिस यानं हे ऐकून ही करिअरची आत्महत्या आहे असं कार्लोसला सांगितलं होतं. बँडमध्येसुद्धा सगळ्यांना हे पटत नव्हतं, ऑर्गनवाला आणि मुख्य गायक ग्रेग रोली आणि दुसरा गिटारिस्ट नील शॉन हे यानंतर बाहेर पडले आणि त्यांनी 'जर्नी' हा बँड काढला. म्हणजे तुम्ही ऐकताय तो एक बँड फुटत असतानाचा आवाज आहे, पण गंमत बघा, भांडण कुठेच ऐकू येत नाही. आणि आत्महत्या वगैरे काही झालं नाही, एकही हिट सिंगल नसताना अमेरिकेत अल्बम आठव्या नंबरपर्यंत गेला.

हेडफोन लावा, शक्यतो रात्री. सुरुवात रातकिड्यांनी होते. मी पहिल्यांदा ऐकला तो गावी, गच्चीवर, पावसाळ्यात, प्ले दाबलं तर काहीच वाजेना, म्हटलं नेट गेलं, दोनदा ॲप बंद करून चालू केलं, शेवटी हेडफोन काढला तेव्हा कळलं की रातकिडे बाहेरपण आहेत आणि अल्बममध्येपण. तर घाबरू नका, चालूच आहे. मग एक एकटा सॅक्सोफोन येतो, हॅडली कॅलिमनचा, कुणीतरी लांबून हाक मारावी तसा, आणि त्यानंतर लाकडी डबल बास एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. हा बास धरून ठेवा. बाकीचे सगळे त्याच्याभोवती हळूहळू येऊन बसतात. आपल्याला आलाप ऐकायची सवय असते त्यामुळे खरं तर हे आपल्याला जड जाऊ नये, फक्त राग शोधत बसू नका, तो इथे नाहीये.

दुसऱ्या ट्रॅकला, 'वेव्हज विदिन'ला, कार्लोसची गिटार तोंड उघडते, तोपर्यंत थांबायची तयारी ठेवा. 'लुक अप' आणि 'जस्ट इन टाइम टू सी द सन' पटकन जातात, त्यातलं दुसरं तर सव्वादोन मिनिटांचं, रोली गातो, ठीक आहे. खरा मुक्काम पुढे आहे.

'साँग ऑफ द विंड'. सहा मिनिटं, शब्द नाहीत, खाली जवळपास दोनच कॉर्ड आलटून पालटून. इथे एक काम करा, सगळं सोडून फक्त गिटार ऐका, आणि दोन माणसं वाजवतायत हे ओळखायचा प्रयत्न करा. कार्लोस एक सूर धरून लांबवतो, गाणारा श्वास रोखून धरतो तसा, आणि सोडताना किंचित वाकवतो. नील शॉन तेव्हा जेमतेम १८ वर्षांचा, त्याची बोटं धावतात, त्याला खूप काही सांगायचंय आणि वेळ कमी आहे असं वाजवतो. पहिल्या ऐकण्यात फरक कळणार नाही, मलाही नव्हता कळला. तिसऱ्या वेळी एकदम कळतो आणि मग परत पहिल्यासारखं ऐकताच येत नाही. माझ्या मते अख्ख्या अल्बममध्ये ही सर्वात सुंदर सहा मिनिटं आहेत, याच्यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

त्यानंतर 'ऑल द लव्ह ऑफ द युनिव्हर्स' झालं की जुन्या एलपीची पहिली बाजू संपते, साधारण २७ मिनिटं. वेळ कमी असलेल्यांनी इथेच थांबा, चहा टाका, दुसरी बाजू उद्या. एलपीवर माणसं अशीच उठून बाजू बदलायची, त्यामुळे इथे तोडलं तर काही बिघडत नाही. मध्येच कुठेतरी तोडू नका फक्त.

दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच लोक गळतात. 'फ्यूचर प्रिमिटिव्ह' सुरू होतो तेव्हा नुसता धुरकट आवाज पसरलेला असतो, आणि मग अचानक चेपितो आरेआस आणि मिंगो लुईस दोघं तालवाद्यांवर तुटून पडतात. इथे कान असे लावा: हातानं वाजतोय, गोल आणि खोल आवाज येतोय तो काँगा, आणि काठीनं वाजतोय, टणक, धातूचा, कानाला टोचणारा आवाज तो टिंबालेस. एवढं वेगळं करता आलं की पुढचे तिन्ही ट्रॅक उलगडतात. 'स्टोन फ्लॉवर' मूळ ब्राझीलचा संगीतकार जोबिम याचं, शब्द श्रीव्ह आणि कार्लोसनी घातलेत, शब्दांकडे फार लक्ष देऊ नका, खालची लय ऐका. 'ला फुएन्ते देल रित्मो' म्हणजे लयीचा झरा, नावाप्रमाणेच आहे, त्यात टॉम कोस्टरचा इलेक्ट्रिक पियानो ऐकायला विसरू नका.

आणि शेवटचा 'एव्हरी स्टेप ऑफ द वे', नऊ मिनिटं, श्रीव्हनं लिहिलेला. पहिली काही मिनिटं दबा धरून बसल्यासारखी जातात, आत्ता काहीतरी होणार, आत्ता होणार, असं, आणि इथे आवाज वाढवायचा मोह होतो तो आवरा कारण जेव्हा फुटतं तेव्हा कान बसतात. नंतर मागून ऑर्केस्ट्रासुद्धा येतो, चक्क.

कव्हर मोठं करून बघा एकदा, भला मोठा सूर्य आणि खाली उंटांचा तांडा. नावाचा अर्थ तोच, तांडा उतरतो ती सराई. आत परमहंस योगानंदांचं वचन छापलंय. पुढे कार्लोस श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंचा शिष्य झाला, देवदीप नाव घेतलं, आणि गिटारिस्ट जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर १९७३ मध्ये 'लव्ह डिव्होशन सरेंडर' हा अल्बम केला. 'कॅरव्हानसराय' आवडला तर तो घ्या, पण लगेच नको, तो बराच कर्कश आहे. आधी त्याच वर्षीचा 'वेलकम' घ्या, किंवा जपानमध्ये ओसाकाला रेकॉर्ड केलेला 'लोटस'.

अरे हो, एक सांगायचं राहिलंच, ऑटोप्लेपण बंद करा. माझं चालू होतं, शेवटचा सूर विरतोय तोवर धाडकन 'स्मूथ', सँटानाचंच नाचायला लावणारं हिट गाणं, सुरू झालं.