क्रियापदावर पेन्सिल ठेवा

छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. आता निवृत्त झाले तरी हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वाचता येत नाही. भाचा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी माझ्याकडे राहतो. परवा म्हणाला, "आत्या, पेपर वाचालीस का तपासालीस?" म्हटलं, बस इथं, दाखवते.

लेखक कुणाच्या बाजूचा आहे हे लोक विशेषणांत शोधतात. 'निर्लज्ज', 'लोकाभिमुख', 'तथाकथित' असलं काही दिसलं की संपला शोध. ती तर आंधळ्यालाही दिसतात. मुरलेला लेखक विशेषण वापरतच नाही, त्याचा कल क्रियापदात असतो. म्हणून पहिली खूण क्रियापदाखाली करायची आणि विचारायचं, हे केलं कुणी?

आपल्या गावाचंच घ्या. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. (बघा, 'पेटलं' लिहून गेले. आपोआप पेटलं का?) 8 मेला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. जमावाच्या हातून पोलीसही मेले. 12 मेपासून शहरात लष्करी कायदा आला. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. यातले कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचं पत्र चालवत.

आता ही तीन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा. 'पोलिसांनी गोळीबार केला.' 'गोळीबार झाला.' 'पोलिसांना गोळीबार करावा लागला.' घटना एकच. पहिल्यात करणारा समोर उभा आहे. दुसऱ्यात तो गायब, जणू वळीव पडावा तसा गोळीबार पडला. तिसऱ्यात तो परत आलाय, पण बिचारा होऊन. मराठीतलं 'लागला' फार कामाचं आहे, कुणाचाही नाइलाज तयार करून देतं.

आणि हे फक्त साहेबाच्या बाजूनंच होतं असं समजू नका. आपल्याकडच्या गौरवाच्या लेखांत गोळीबार 'केला' असतो, पण पोलीस 'मारले गेले' असतात, तेही अर्ध्या ओळीत. हुतात्म्यांबद्दलचा माझा आदर त्यानं कमी होत नाही. पण पेन्सिल दोन्हीकडे सारखीच फिरली पाहिजे.

घटनेचं नावही बघायचं. सरकारी लेखी ती दंगल, आपल्या लेखी चळवळ. आणि गंमत म्हणजे गावात आजही जुन्या घरांतून 'मार्शल लॉच्या वेळी' असंच म्हणतात. म्हणजे चळवळ आपली आणि नाव सरकारच्या हुकुमाचं.

दुसरी जागा सर्वनामाची. 'तो' आणि 'ते' ही सोय मराठीत आयती आहे. बातमीत पाकीटमार 'तो' असतो, पण पतसंस्था बुडवल्याचा आरोप असलेले 'ते' असतात, आणि आरोप दोघांवरचाही सिद्ध व्हायचाच असतो. बाईच्या बाबतीत 'ती' आणि 'त्या' तपासा, कुणाला आडनावानं आणि कुणाला नुसत्या पहिल्या नावानं हाक मारलीय तेही. हे लेखक मुद्दाम करतो असं नाही, बहुतेक वेळा त्याच्या लक्षातही नसतं. म्हणून तर ते जास्त खरं बोलतं.

आकड्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शब्दांवर वेळ घालवू नका. 'तब्बल 400 लोक', 'जेमतेम 400 लोक', '400 लोकही नव्हते'. तो शब्द खोडा आणि उरलेलं वाचा, झालं.

मग मोजा, बोललं कोण. विडी उद्योगावरचा लेख घ्या. कारखानदाराची तीन वाक्यं, अधिकाऱ्याची दोन, पुढाऱ्याचं एक. विडी वळणारी बाई फोटोत असते, मांडीवर सूप घेऊन, तिच्या तोंडी वाक्य नसतं. यंत्रमाग कामगाराचंही तेच. लेखात एकही शब्द खोटा नसेल, तरी तो कुठल्या खुर्चीवर बसून लिहिलाय ते कळतं.

राहिलं आपलं स्वतःचं. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमानसेवा हवी असणाऱ्यांना ती अडसर होती, ऊसवाल्या सभासदांना ती आपली होती. माझ्या थोरल्या भावाचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. त्या दिवसांत चिमणीच्या बाजूनं लिहिलेला मजकूर मी चहा पीत वाचायचे आणि विरुद्ध बाजूचा पेन्सिल घेऊन. हे माझ्या कात्रणांवरूनच कळलं. एका गठ्ठ्यावर खुणाच खुणा, दुसरा कोरा. तेव्हा ज्या लेखाला मान डोलावली, तो दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन परत वाचायचा. कंटाळा येतो. तरीही.

हे सगळं लिहून झाल्यावर भाच्याला वाचायला दिलं. शेंगा फोडत फोडत वाचलं त्यानं. मग माझीच पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी खुणा केल्या. 'चिमणी पाडली' याच्याखाली लिहिलं, 'कुणी?' आणि 'फाशी दिली' याच्याखालीही तेच.

पेन्सिल अजून परत दिलेली नाही.