स्विचचं काम स्क्रिप्टकडे कसं सोपवावं

मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत रॅकसमोर लॅपटॉप घेऊन उभं राहायची हौस कोणालाच नसते. माझ्याकडे एका शिक्षणसंस्थेचे २२ नेटवर्क स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या, आहेत. जळगाव, पाचोरा आणि चोपडा अशा तीन ठिकाणी विखुरलेले. नुसता एक पासवर्ड बदलायचा म्हटला तरी २२ वेळा लॉगिन आणि २२ वेळा तेच टायपिंग. सतराव्या-अठराव्या स्विचपर्यंत डोकं बधिर झालेलं असायचं आणि हमखास काहीतरी राहून जायचं. म्हणून हे काम पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या स्क्रिप्टकडे, म्हणजे छोट्या प्रोग्रामकडे, सोपवलं. खालचा क्रम सिस्को कंपनीच्या, आयओएस ही तिची प्रणाली चालवणाऱ्या स्विचचा आहे. दुसऱ्या कंपनीचा माल असेल तर आज्ञा बदलतील, क्रम तोच राहील. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.

पहिलं काम यादीचं. सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या तक्त्यात, स्विचचं नाव, आयपी पत्ता, मॉडेल, कोणत्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, एवढं लिहा. शेवटचा रकाना पायथॉनला लागत नाही, तुम्हाला लागेल. यादी करताना मला एक स्विच जिन्याखाली झाडूंच्या मागे सापडला. चालू होता, बिचारा.

मग प्रत्येक स्विचवर एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय, सुरू करा. टेलनेट या जुन्या पद्धतीने, म्हणजे पोर्ट २३ वरून, पासवर्ड उघडाच प्रवास करतो. एसएसएच पोर्ट २२ वरून सगळं कुलूपबंद नेतं. स्विचला होस्टनेम आणि डोमेन नेम द्या, कुलपाची किल्ली बनवायला ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८’ चालवा, एक लोकल युजर बनवा आणि व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिन करायच्या वाटेवर) ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ टाका. हे एकदा हातानेच करावं लागतं. करताना जुनी खिडकी बंद करू नका. नव्या खिडकीतून लॉगिन होतंय हे पाहिल्यावरच ती मिटा.

लॅपटॉपवर पायथॉन ३ घ्या आणि पिप या त्याच्या इन्स्टॉलरने नेटमिको बसवा. कर्क बायर्स यांनी लिहिलेली ही फुकट, खुली लायब्ररी पॅरामिको या एसएसएच लायब्ररीवर उभी आहे. लांब उत्तरात स्विच मध्येच थांबून ‘मोअर’ दाखवतो ना, ती कटकट नेटमिको स्वतःच बंद करते.

पहिली स्क्रिप्ट फक्त वाचणारी असावी, बदलणारी नाही. सीएसव्हीतली एकेक ओळ घ्यायची, ‘कनेक्टहँडलर’ला डिव्हाइस टाइप ‘सिस्को_आयओएस’, पत्ता, युजर आणि पासवर्ड द्यायचा, ‘सेंड_कमांड’ने ‘शो रनिंग-कॉन्फिग’, म्हणजे स्विचची चालू मांडणी (कॉन्फिग), मागवायचं आणि उत्तर स्विचच्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचं. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ‘गेटपास’ वापरलं की तो चालवताना विचारला जातो. जोडणीचा भाग ‘ट्राय–एक्सेप्ट’मध्ये ठेवा, म्हणजे एखादी जोडणी फसली तरी स्क्रिप्ट पुढे जाते. नाहीतर आपल्याकडे पाचोऱ्याची लाइट गेलेली असते आणि तेवढ्या एका स्विचपायी बाकीच्या एकविसांचं काम अडून बसतं.

या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकल्या की काल आणि आज यांत काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. मात्र हा साठा सार्वजनिक ठिकाणी चढवू नका. कॉन्फिगमधले टाइप ७ चे, म्हणजे नुसते वरवर झाकलेले, पासवर्ड उलगडायला मिनिटही लागत नाही. क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीने, रोज आपोआप चालवायचं असेल तर पासवर्ड विचारायला समोर माणूस नसतो. तेव्हा तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-बदलता येईल.

महिनाभर एवढंच चालू द्या. खरं सांगायचं तर अर्धा फायदा इथेच मिळतो.

आता बदल. माझी फजिती आधी सांगतो. ट्रंक पोर्टवर (दोन स्विच जोडणाऱ्या, अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या पोर्टवर) व्हीलॅन ३०, म्हणजे त्याच तारांवरचं एक वेगळं नेटवर्क, वाढवायचा होता. आज्ञा हवी होती ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’, मी ‘ॲड’ विसरलो. मग ती यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून एकटा ३० ठेवते. चोपड्याचा स्विच त्याच ट्रंकवरून दिसत होता, तो क्षणात दिसेनासा झाला. फोन आला, “भाऊ, नेट गयं ना!” नशीब, बदल सेव्ह केला नव्हता. तिथल्या वॉचमनदादांना स्विच बंद-चालू करायला सांगितलं आणि जुनं कॉन्फिग परत आलं. हाताने चुकलो म्हणून एकच गेला. स्क्रिप्टने चुकलो असतो तर बावीसही गेले असते.

म्हणून बदलाच्या स्क्रिप्टमध्ये हा क्रम पाळा. चालू स्थिती बरोबर आहे हे पाहून आधी ‘राइट मेमरी’, म्हणजे ती सेव्ह. मग ‘रीलोड इन १०’, म्हणजे दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर येईल. ही आज्ञा खात्री करायला उलट प्रश्न विचारते, त्यामुळे साध्या ‘सेंड_कमांड’ने स्क्रिप्ट लटकते, इथे ‘सेंड_कमांड_टायमिंग’ वापरा. त्यानंतर ‘सेंड_कॉन्फिग_सेट’ने बदल पाठवा आणि जोडणी तोडून नव्याने जोडा. जोडली गेली आणि ‘शो इंटरफेसेस ट्रंक’मध्ये हवं ते दिसलं, तरच ‘रीलोड कॅन्सल’ आणि मग ‘सेव्ह_कॉन्फिग’. सेव्ह करायचं राहिलं तर पुढच्या भारनियमनात तुमचा बदल वाहून जाईल. कॅन्सल करायचं राहिलं तर ऑनलाइन परीक्षेच्या मध्यात स्विच रीस्टार्ट होईल, आणि मग दोष स्क्रिप्टला देता येत नाही.

पहिला प्रयोग तुमच्या टेबलाजवळच्या, ज्याच्यामागे दुसरा स्विच नाही अशा स्विचवर करा. एक दिवस थांबा. बाकीचे घेताना सगळ्यांत लांबचा आधी आणि ज्याच्यातून वाट जाते तो सगळ्यांत शेवटी. माझ्या यादीत चोपडा म्हणूनच वर आहे.