दत्तक लेकीला घेऊन पहिली फॉरेन ट्रिप कशी करावी (आमच्या सिंगापूरच्या अनुभवावरून)

पहिली गोष्ट, घाई करू नका. मूल घरी आलं की सगळे म्हणतात चला आता फिरायला, पण कारामधून (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मूल आल्यावर ते आधी दत्तकपूर्व फॉस्टर केअरमध्ये आपल्याकडे असतं, मग दत्तकाचा आदेश निघतो (सप्टेंबर 2022 पासून तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी काढतात), मग आपल्या नावांचा जन्मदाखला आणि मग पासपोर्ट. हे हातात यायच्या आत तिकीट बुक करू नका. आदेशाची कॉपी आणि जन्मदाखला हँडबॅगेतच ठेवा. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो, त्यामुळे सोशल वर्करना ट्रिपच्या तारखा आधीच सांगून टाका.

आता खरं महत्त्वाचं. बॅग. आपल्याला बॅग म्हणजे सुट्टी, पण साडेचार वर्षांच्या मुलीसाठी बॅग भरली म्हणजे परत कुठेतरी नेऊन सोडणार. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही आपले उत्साहात कपडे भरतोय आणि ही कोपऱ्यात जाऊन बसली, जेवली पण नाही. मग तिच्याच हाताने तिची बाहुली बेडवर झोपवली, सांगितलं ही घर सांभाळणार आणि आपण सहा झोपा झाल्या की परत हिच्याकडे येणार. रोज रात्री हॉटेलात बोटं मोजायचो. तुम्ही पण असं काहीतरी घरी ठेवूनच निघा.

एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या दारातून मूल एकटं जातं, म्हणून एकाने आधी पलीकडे जाऊन हात पुढे करून उभं राहायचं. ग्रुप टूर नकोच आणि आजी-आजोबांना पुढच्या वेळी न्या (आमच्याकडे यावरून रुसवाफुगवी झाली, होऊ दे). भरवणं, आंघोळ, झोपवणं फक्त आईबाबांनीच करायचं, कारण संस्थेत प्रत्येक ताई-मावशीकडे जायची सवय असते आणि अनोळखी बाईने हात केला तरी मूल खुशाल निघतं. लोकांना वाटतं किती गोड, मिसळतं कसं सगळ्यांत! आम्ही हसून तिला कडेवर घ्यायचो, बस.

खाण्याचं सांगते. आमची बिस्किटं खिशात, उशीखाली लपवायची. ओरडू नका, तिची एक छोटी डबी करा जी कायम भरलेली असेल आणि तिच्याकडेच राहील. पण सिंगापूरच्या एमआरटीत (तिथली मेट्रो) खायला प्यायला बंदी आहे, 500 डॉलरपर्यंत दंड, म्हणून स्टेशनात शिरायच्या आधीच पोटभर खाऊ घाला, नि आत डबी नुसती हातात असू दे. वरण-भाताची आठवण आली की सरळ लिटल इंडिया गाठा, भात मिळतो. घड्याळ तिथे अडीच तास पुढे आहे, पहिली रात्र जागरणाचीच धरून चाला.

फिरायचं दिवसाला एकच ठिकाण. मंडाईचं झू आम्हाला बेस्ट गेलं, ट्रॅममध्ये तिघं चिकटून बसता येतं आणि मूल स्वतःहून विचारतं, हत्तीची आई कुठेय वगैरे, तेव्हा लेक्चर न देता जेवढं विचारलंय तेवढंच सांगा. चांगी एअरपोर्टच्या ज्वेल मॉलमधला 40 मीटरचा धबधबा मात्र जवळून तिला मोठ्या आवाजाचा वाटला, आम्ही लांबूनच बघितला. गार्डन्स बाय द बेचा लाइट शो संध्याकाळी 7:45 आणि 8:45 ला असतो, पहिलाच गाठा आणि मागे गवतावर मांडीत घेऊन बसा, अंधार झाला की गर्दीत मुलं घाबरतात. युनिव्हर्सल थीम पार्क आम्ही सोडलं, पैसे पण वाचले.

सगळ्यात जास्त जवळीक झाली ती हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये, खरं सांगते. पाण्यात ती गळ्याला घट्ट धरून राहते, सोडतच नाही, म्हणून रोज दुपारी एक तास पूल, साइटसीइंग बुडालं तरी चालेल.

घरी आल्यावर बॅग तिच्यासोबतच रिकामी करा, कपडे कपाटात तिलाच ठेवू दे. आमच्या छोट्या बाईंनी आधी पळत जाऊन बाहुली बघितली आणि मग सगळे मोजे बाबाच्या खणात कोंबले, ते अजून तिथेच आहेत.