गोडी छाटणीआधी बोदातलं तांबं तपासा

निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागांत गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, तयारी सुरू झाली आहे. बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या उंच वाफ्यात, शेणखत भरण्याआधी मातीचा नमुना काढा आणि त्यात तांबं आवर्जून बघा. १ किलो मोरचुदात (कॉपर सल्फेटात) सुमारे २५० ग्रॅम तांबं असतं. वर्षानुवर्षं मारलेल्या बोर्डोतलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यातलं) बरंचसं तांबं पावसानं धुऊन, पानगळीबरोबर बोदातच उतरतं. ते कुजत नाही, वरच्या वीतभर थरात साचत जातं. जुन्या वेली तग धरतात. जुनी बाग काढून त्याच जागी नवी रोपं लावली, की मात्र त्यांची पांढरी मुळी आखूड, तपकिरी राहू शकते, शेंडा पिवळा पडतो आणि आपण लोह कमी पडलं समजून फेरस (लोहाचं खत) देत बसतो.

नमुना १५ सेंटिमीटरपर्यंतचा घ्या, लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्यानं. शेजारच्या, कधी फवारा न पडलेल्या बांधाचाही एक वेगळा घ्या, म्हणजे फरक कळेल.

आता ह्युमिकबद्दल, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातल्या आम्लाबद्दल. ते ड्रीपमधून सोडलं की तांब्याचा त्रास मिटतो का? ह्युमिक आम्ल तांबं आणि शिसं घट्ट धरून ठेवतं, त्यामुळं मुळांना ते कमी मिळतं. कॅडमियमवरची पकड त्यामानानं ढिली. पण धातू जमिनीतून जात नाही, नुसता बांधला जातो. शिवाय हिशोब करा: एकरभर जमिनीचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे ९०० टन भरतो. ड्रीपमधून किलोभर ह्युमिक गेलं तर टनामागं जेमतेम १ ग्रॅम! मुळी चालायला त्याचा उपयोग होईल, तांबं बांधायला तेवढं पुरणार नाही. त्यासाठी चांगलं कुजलेलं शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत दरवर्षी टनांच्या मापानं पडायला हवं. खरं ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग, त्यातूनच तयार होतं. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेत असाल तर धातूंचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, कॅडमियमची ५ आहे.

ह्युमिक सोडायचंच तर एकटं सोडा. कॅल्शियम नायट्रेट, मोरचूद किंवा आम्लाबरोबर त्याचा साका धरतो आणि ड्रीपर बुजतात.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तांबं तसंही कमी सुटतं. हलक्या, आम्लधर्मी जमिनीत जास्त जपा. नाल्याच्या सांडपाण्यावर पालक, मेथी घेणाऱ्यांनी आधी ते पाणी थांबवावं. पाणी चालूच राहिलं तर कुठलंही खत पुरं पडणार नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत तांबं असतं, शिसं-कॅडमियम नसतं. त्यांची तपासणी प्रयोगशाळेला वेगळी सांगावी लागते.