गायरानावर देशी झाडे लावताना

गावाने गायरानावर किती झाडे लावायची, हा आकडा मिळालेल्या रोपांवरून नव्हे, तर पुढील तीन उन्हाळ्यांत हमखास मिळणाऱ्या पाण्यावरून ठरवावा. पठारावरील कमी पावसाच्या भागात पहिल्या वर्षी एका रोपाला फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला १० लिटर पाणी धरले, तर ३०० झाडांना एका फेरीस ३,००० आणि १८ फेऱ्यांना ५४,००० लिटर पाणी लागते. हे पाणी कोणाच्या विहिरीतून येणार आणि कोणत्या वाडीची पाळी कधी, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतल्यावरच खड्ड्यांची आखणी करावी.

प्रत्येक उघडा माळ ओसाड नसतो. गवताळ माळ हे माळढोक, चिंकारा आणि लांडगा यांचे घर असल्याने तेथे झाडे लावणे हे नुकसानच होय. अशी जागा गवतासाठी राखावी. जिथे पळस, बोर किंवा हिवराची तोडून खुरटलेली खोडे दिसतात, तिथे आधी दोन वर्षे नुसती राखण करावी, कारण जमिनीत मुळे शाबूत असलेल्या खोडाचे फुटवे नव्या रोपापेक्षा लवकर वाढतात आणि त्यांना पाणीही घालावे लागत नाही.

उरलेल्या जागेसाठी झाडे निवडताना शिवारातील जुने बांध, ओढे आणि जवळची देवराई पाहावी. ओढ्याकाठी अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. काळ्या जमिनीत बाभूळ आणि कडुनिंब. मुरमाड उतारावर खैर, हिवर आणि पळस. मादागास्करचा गुलमोहर आणि मध्य अमेरिकेतून आलेली सुबाभूळ रोपवाटिकेत सहज मिळतात, एवढ्यावर त्यांना गायरानात जागा देऊ नये. रोपे गावातच करायची असल्यास निंबोळ्या गोळा केल्यावर लगेच पेराव्यात, कारण त्यांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. बाभळीचे टणक बी मात्र उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे.

दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे एप्रिल-मे महिन्यांत घेऊन तापू द्यावेत. भरताना वरच्या थरातील माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीचा उपद्रव असेल तर निंबोळी पेंड घालावी. दोन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातील माती खोलवर ओली झाल्यावरच रोप लावावे, मग त्यासाठी पाहुण्यांची ठरलेली तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल. पिशवी पूर्ण काढावी आणि तळाशी गुंडाळलेली मुळे कापावीत, नाहीतर ती तशीच गोल फिरत राहून पुढे झाड वाऱ्याने उन्मळते. उतारावर खालच्या बाजूने अर्धगोल आळे करावे आणि वाळलेल्या पाल्याचे आच्छादन द्यावे.

राखणीचा प्रश्न मेंढपाळ आणि शेळ्या पाळणाऱ्या घरांना बैठकीत बसवूनच सुटतो. ज्यांची चराई बंद होते, त्यांना त्याच जागेतील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क द्यावा. मग बोराटीचे कुंपण टिकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान हे नियम एकत्र पाळले, हे येथे लक्षात घ्यावे. पावसाळा संपताच गवत कापून नेले आणि कडेने दहा फुटांचा पट्टा साफ ठेवला की वणव्याची भीतीही कमी होते.

दुसऱ्या वर्षी पाणी दहा दिवसांनी आणि तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी, पण प्रत्येक वेळी अधिक आणि खोडापासून दूर द्यावे, म्हणजे मुळे बाहेर व खाली जातात. दरवर्षी मेअखेर झाडे मोजून वहीत नोंद करावी, मेलेल्यांचे कारण समोर लिहावे आणि त्यानुसार जुलैत नांग्या भराव्यात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावावीत. एकाच जागी दोनदा रोप मेले, तर तिसऱ्यांदा तिथे दुसरी जात लावावी.