रक्तातल्या प्रथिनांमधून बायोमार्कर (आजार ओळखण्याची खूण) शोधताय? या चुका टाळा

'द लॅन्सेट'मध्ये २००२ साली अंडाशयाच्या कर्करोगावर एक शोधनिबंध आला. सीरममधल्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातल्या) प्रथिनांच्या आलेखावरून कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने अचूक ओळखले गेले आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३. पुढे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी त्या शोधनिबंधामागच्या गटाचा जाहीर डेटा पुन्हा तपासला. आलेखाच्या ज्या टोकाला यंत्राचा निव्वळ गोंगाट असतो, तिथेही रुग्ण आणि निरोगी वेगवेगळे पडत होते! म्हणजे फरक आजाराचा नसून नमुने हाताळण्याचा असू शकत होता.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रुग्णांचे नमुने सोमवारी आणि निरोगी लोकांचे गुरुवारी मशीनवर लावू नका. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही मिसळा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि सोबत एकच सामायिक नमुना दरवेळी चालवा. तारखेनुसार गट पडताना दिसले, तर तिथेच थांबा.

दुसरी चूक ट्यूबमधली. एका रुग्णालयातून सीरम आणि दुसऱ्याकडून ईडीटीए प्लाझ्मा (ईडीटीए हे रसायन घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घेतला, तर तुलनाच होत नाही, कारण रक्त गोठताना प्लेटलेट्स आपली प्रथिने बाहेर सोडतात. सेंट्रिफ्यूजला उशीर झाला की तांबड्या पेशीही फुटतात. तांबड्या पेशींमधली हिमोग्लोबिन, कार्बॉनिक अॅनहायड्रेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ ही प्रथिने एकदम वाढलेले दिसले, तर शोध लागला म्हणून आनंदू नका. आधी नमुना गुलाबी झालाय का ते बघा.

प्लाझ्मातल्या प्रथिनांपैकी निम्मे वजन एकट्या अल्ब्युमिनचे. एका मिलिलिटरमध्ये ते ३५ ते ५० मिलिग्रॅम असते, तर इंटरल्युकिन-६ हे संदेश देणारे प्रथिन जेमतेम काही पिकोग्रॅम. अल्ब्युमिन काढून टाकल्याशिवाय बारीकसारीक प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरला (प्रथिनांचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला) सहसा दिसत नाहीत. पण त्याला चिकटलेली प्रथिनेही सोबत निघून जातात, हे विसरू नका.

सीआरपी किंवा सीरम अमायलॉइड-ए ही शरीरात दाह झाला की वाढणारी प्रथिने हाती लागली, तर तो बहुधा नुसता दाह असतो, कर्करोगाची खूण नव्हे. म्हणून तुलनेला फक्त धडधाकट माणसे नकोत. साध्या गाठी आणि संसर्ग असलेले रुग्णही हवेत. हजार प्रथिने तपासली, तर ०.०५ च्या निकषावर (म्हणजे योगायोगाची शक्यता पाच टक्के मान्य केली, तर) पन्नासेक योगायोगानेच 'सिद्ध' होतात, तेव्हा एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याची सांख्यिकी दुरुस्ती करणे आलेच.

शेवटी हिशेब. समजा २५०० स्त्रियांमध्ये एकीला अंडाशयाचा कर्करोग आहे. चाचणीची विशिष्टता (निरोगींना निरोगी ठरवण्याचे प्रमाण) ९५ टक्के असेल, तर त्या एकीबरोबर सुमारे १२५ निरोगी स्त्रियांना भीती दाखवली जाईल, आणि इथे खात्री करायची म्हणजे बऱ्याचदा शस्त्रक्रियाच. विशिष्टता ९९.६ टक्क्यांवर गेली, तरच हा आकडा दहावर येतो.