एक्स-रे काढताना पेशंटची पोझिशन: शिकणाऱ्यांनी या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या एक्स-रे विभागांत नव्याने उभं राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. फोटो बिघडला की पहिला हात केव्ही (किरणांचा जोर) आणि एमएएस (किरणांचं प्रमाण) यांच्या बटणांकडे जातो. फोटोत दाणे दिसत असतील तर तिकडे बघणं बरोबरच. पण हाडं एकमेकांवर चढली असतील, एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद आली असेल, तर चूक टेबलावर झालेली असते. शरीर कुठे वळलं होतं ते बिघडलेल्या फोटोतच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की रिपीट एकदाच करावा लागतो, आणि पुढच्या पेशंटला तोही लागत नाही.

छातीचा फोटो

सगळ्यात जास्त निघतो आणि घाईघाईत सगळ्यात जास्त बिघडतो. पीए, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडे जाणाऱ्या फोटोत दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत. नसतील तर पेशंट फिरलेला होता. याचं नेहमीचं कारण म्हणजे सूचना ऐकताना तो मान वळवून तुमच्याकडे बघतो आणि मानेबरोबर खांदाही फिरतो. म्हणून सगळं आधी समोर उभं राहून समजवा, मग हनुवटी वर टेकवा. खांद्याची पाती फुप्फुसावर आली असतील तर खांदे पुढे लोटायचे राहिले. ट्यूब (जिथून किरण निघतात) आणि कॅसेट (जिच्यावर फोटो उमटतो) यांच्यातलं अंतर 180 सेंटीमीटर ठेवा. झोपवून, जवळून काढलेल्या एपी (किरण पुढून मागे जाणाऱ्या) फोटोत हृदय खरं असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, म्हणून तो एपी आहे हे फोटोवर लिहिलंच पाहिजे.

श्वास हा दुसरा मुद्दा. पूर्ण श्वास घेतलेला असेल तर डायफ्रॅमच्या (फुप्फुसाखालच्या श्वासपटलाच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. सात-आठच दिसल्या तर फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला वाटतो आणि नसलेला न्यूमोनिया दिसायला लागतो. खेड्यातून आलेल्या आजीला ‘दीर्घ श्वास घेऊन रोखून ठेवा’ हे छापील मराठी पोचत नाही. ‘आजी, जोरमा श्वास ले, धरी ठेव, हालू नको’ म्हटलं की लगेच जमतं. एकदा सराव करून घ्या आणि दुसऱ्या श्वासाला एक्स्पोजर द्या. सातपुड्यातून येणाऱ्या पावरा किंवा भिल्ल पेशंटसोबत भाषा जाणणारं कुणी असेल तर त्याला आधी आत बोलवून सगळं सांगायला लावा आणि एक्स्पोजरच्या वेळी बाहेर पाठवा.

दागिने, ताईत, वेणी

आपल्याकडे हा विषय मोठा आहे. चांदीचा करदोडा कंबरेच्या आणि खुब्याच्या फोटोत आडवा येतो आणि पेशंट स्वतःहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो दागिना नसतोच. गळ्यातला ताईत, पोत, खिशातली नाणी एकेक करून विचारा. तेल लावलेली जाड वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर सावली टाकते. ती डोक्यावर बांधायला सांगा. पायातली जुनी कडी निघत नसतील तर ओढाताण करू नका, घोट्याच्या वर सरकवा. मंगळसूत्र काढायला बाई कचरत असेल तर सोबतच्या बाईच्या हातात ठेवायला सांगा. कारण सांगितलं की बहुतेकजणी तयार होतात.

गुडघ्याचा लॅटरल

लॅटरल म्हणजे बाजूने काढलेला फोटो. मला हा शिकवायला सगळ्यात आवडतो, कारण यात फोटो अगदी स्पष्ट बोलतो. गुडघा 20 ते 30 अंश वाकवा, ट्यूब डोक्याकडे 5 ते 7 अंश कलती ठेवा. मांडीच्या हाडाचे दोन्ही कोंडाइल (खालच्या टोकाचे गोलसर उंचवटे) एकमेकांवर बसले पाहिजेत. ते वरखाली सरकलेले दिसले तर दोष ट्यूबच्या कोनाचा किंवा पाय टेबलाला समांतर नसल्याचा. पुढेमागे सरकलेले दिसले तर गुडघा फिरलेला आहे. कुठल्या बाजूला, हे आतल्या म्हणजे मेडियल कोंडाइलवरून कळतं. त्याच्या मागच्या-वरच्या बाजूला ॲडक्टर ट्युबरकल नावाचा छोटा उंचवटा असतो. तो कोंडाइल मागे दिसला तर गुडघ्याची वाटी टेबलाकडे अजून झुकवा, पुढे दिसला तर थोडी उचला. आणि फक्त गुडघा दाबून वळवू नका. तो बहुधा कंबर फिरल्यामुळे फिरलेला असतो. कंबर सरळ करा, दुसऱ्या पायाखाली उशी द्या, गुडघा आपोआप जागेवर येतो.

खुबा

नंदुरबार भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट बरेच. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा झिजू शकतो, म्हणून खुबा दुखणाऱ्या तरुण पेशंटचा पेल्विस (ओटीपोटाच्या हाडांचा फोटो) नीट निघणं फार गरजेचं आहे. दोन्ही पाय 15 ते 20 अंश आत वळवायचे. नुसती पावलं वळवून भागत नाही, पाय खुब्यापासून फिरला पाहिजे. फोटोत लेसर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा) ठळक बाहेर आला असेल तर पाय बाहेर पडलेलाच राहिला आणि हाडाची मान आखूड दिसणार. गोळ्याच्या कडेखालची बारीक रेघ, जी या झिजेची खूण असते, फ्रॉग लॅटरलमध्ये (गुडघे वाकवून बेडकासारखे बाजूला टाकून काढलेल्या फोटोत) जास्त चांगली दिसते, तेव्हा डॉक्टरांनी तो सांगितला असेल तर टाळू नका.

मात्र पडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला असेल तर त्याला हात लावून फिरवायचं नाही, फ्रॉगही नाही. आहे तसा एपी घ्या आणि लॅटरलसाठी आडवा किरण वापरा.

मार्कर आणि कॉलिमेशन

‘आर’, ‘एल’ एक्स्पोजरच्या आधी कॅसेटवर ठेवा. नंतर कॉम्प्युटरवर टाइप केलेली बाजू गर्दीच्या दिवशी चुकू शकते. स्क्रीनवर क्रॉप केल्याने पेशंटला गेलेला डोस कमी होत नाही. कॉलिमेशन, म्हणजे किरणांच्या चौकटीच्या कडा, ट्यूबवरच आवळा. वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीला पाळीची तारीख एकांतात विचारा, नवऱ्या-सासूसमोर नाही.

लहान मूल धरावं लागलं तर लीड ॲप्रन घालून नातेवाइकाने धरावं. गरोदर बाईने नाही, आणि रोज तुम्हीही नाही. भारतात किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 आहे. टीएलडी बॅज (तुम्हाला मिळालेला डोस मोजणारा) खिशात ठेवू नका, ॲप्रनच्या आत छातीवर लावा. एकाच भागाचा दुसरा फोटोही बिघडला तर तिसरा देण्याआधी सीनियरला हाक मारा आणि दोन्ही फोटो त्यांच्यासमोर शेजारी-शेजारी लावा.